तांबडे विमान आणि मुंबईचा वेलिणकर
(द्वितीय वर्ष कला)

वेल्ह्याकडच्या आमच्या अंगणातून तोरणा दिसतो. कोंबडीची पिल्ले सोडली की आजी निवडण-टिपण करतानाही एक डोळा आभाळाकडे ठेवते. घार समोरून येत नाही, उन्हाच्या अंगाने येते, असे ती सांगते. भोरला कॉलेजात पहिल्या महायुद्धाचे टिपण काढताना ओस्वाल्ड बोल्के या जर्मन वैमानिकाचे नियम वाचले आणि मी थबकलोच. आधी उंची मिळवा, सूर्य पाठीशी ठेवा, अगदी जवळ गेल्याशिवाय गोळी झाडू नका. शाळेचे तोंड न पाहिलेल्या माझ्या आजीला हे ठाऊक होते!

या बोल्केचा शिष्य म्हणजे जगप्रसिद्ध मानफ्रेड फॉन रिख्टहोफेन. मूळचा हा घोडदळातला. पण खंदक आणि काटेरी तारा यांपुढे घोड्याचे काही चालेना, म्हणून तो विमानाकडे वळला. १९१४ साली विमाने टेहळणीपुरती होती. वैमानिक एकमेकांवर पिस्तुले झाडीत. मशीनगन समोर बसवावी तर गोळ्या आपल्याच पंख्याच्या पात्यांवर बसणार. फ्रेंच वैमानिक रोलां गारो याने पात्यांना पोलादी पट्ट्या ठोकून पाहिल्या. १९१५ च्या उन्हाळ्यात फोकरच्या कारखान्याने खरी युक्ती काढली. पाते नळीसमोर आले की बंदूक आपोआप थांबे. वैमानिकाने विमान रोखले की बंदूक रोखली गेली. हवाई युद्ध खरे तेव्हापासून सुरू झाले.

रिख्टहोफेनचा पहिला विजय १७ सप्टेंबर १९१६ चा, एकूण ८०. प्रत्येक विजयाला तो चांदीचा एक पेला करवून घेई. साठ पेल्यांनंतर जर्मनीत चांदीच मिळेना! आकाशातील शूर सरदारांचे द्वंद्व असे या लढायांचे वर्णन करतात. मला ते पटत नाही. पुष्कळांना मारणारा दिसलाही नसेल. २१ एप्रिल १९१८ रोजी एका नवख्या वैमानिकाचा पाठलाग करताना तो फार खाली उतरला आणि सोम नदीच्या खोऱ्यात एका गोळीने पडला. ती गोळी जमिनीवरून आली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याचे वय २५ होते.

याच खोऱ्यात हांगार गावच्या युद्ध-स्मशानभूमीत आपल्या मुंबईचा श्रीकृष्ण वेलिणकर पुरलेला आहे. केंब्रिजमध्ये शिकलेला हा तरुण इंग्रजांच्या २३ व्या स्क्वॉड्रनमध्ये डॉल्फिन विमान चालवी. त्या विमानात वैमानिकाचे डोके वरच्या पंखाच्याही वर येई. विमान उलटले तर मानेवरच बेतायचे. २७ जूनच्या गस्तीवरून तो परतला नाही. जखमी होऊन तो शत्रूच्या हाती लागला आणि ३० जूनला वारला. रिख्टहोफेननंतर बरोबर ७० दिवसांनी. तेथे लढलेल्या चार हिंदी वैमानिकांपैकी तो एक. दुसरा, बंगालचा इंद्रलाल रॉय, याने जुलैत १० विजय मिळवले, म्हणून त्याचे नाव निदान घेतले जाते. वेलिणकरच्या नावावर मोजायला काही नाही. मलाही तो एका ओळीतच भेटला.

सुट्टीत आजीला हे सारे सांगितले. ऐंशी विमानांचे तिला काही वाटले नाही. वेलिणकराचे ऐकून म्हणाली, "मग त्यानं उडी का न्हाय मारली?"

मी सांगितले, फुग्यातून टेहळणी करणाऱ्यांना हवाई छत्री मिळे, इंग्रजांच्या विमानातल्यांना ती देत नसत.

ती काही बोलली नाही. पिल्ले डालग्याखाली झाकायला उठली.