वादकाला गिटारी किती लागतात?

रंगमंचाचा पडदा वर जातो. मध्यभागी एक खुर्ची, तिच्याशेजारी ओळीने उभ्या केलेल्या तीन गिटारी, आणि नमस्कार करीत पुढे येणारा वादक मात्र एकटाच! सभागृहातील एखादा चुणचुणीत मुलगा शेजारी बसलेल्या आजोबांना हळूच विचारतो, "आजोबा, हात दोनच, मग वाद्ये तीन कशाला?" आजोबा ओठांवर बोट ठेवतात. वादन सुरू होते आणि प्रश्न तसाच राहून जातो. परंतु तो सोडून द्यावा असा मुळीच नाही.

आपल्याकडील बासरीवादकाच्या पिशवीत डोकावले तर दहा-बारा बासऱ्या सहज निघतात. त्याचे कारण उघड आहे. बासरीची लांबी आणि तिच्यावरील छिद्रे एकदा ठरली की तिचा षड्जही ठरला. तो काही खुंटी पिळून वरखाली करता येत नाही. तबल्याचेही काहीसे असेच. हातोडीने गठ्ठे ठोकून स्वर थोडाफार चढवता-उतरवता येतो. पण काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाच्या साथीचा तबला काळी पाचमध्ये गाणाऱ्या गायिकेच्या साथीला चालत नाही. तेथे दुसरा तबलाच हवा. गिटारवादकाची अडचण मात्र ही नव्हे. गिटारीच्या दांडीवर एक लहानसा चिमटा बसविला की सहाही तारा एकदम आखूड होतात व स्वर हवा तितका चढतो. मग त्याला अनेक गिटारी का लागाव्यात?

याचे उत्तर गिटारीच्या तारांत आणि तिच्या लाकडी पोटात दडलेले आहे. स्पेन देशात वाढलेल्या गिटारीला पूर्वी आतड्याच्या तारा लावीत. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांची जागा नायलॉनच्या तारांनी घेतली. या तारा मऊ असतात व बोटांनी छेडल्या जातात. अमेरिकेत मात्र पोलादी तारांची गिटार लोकप्रिय झाली. तिचा आवाज खणखणीत, झगझगीत. दुरून पाहणाऱ्याला दोन्ही गिटारी बहिणी-बहिणी वाटतात. परंतु नायलॉनच्या सहा तारा मिळून वाद्यावर सुमारे ४० किलोचा ताण देतात, तर पोलादी तारा सुमारे ७० किलोचा. हा ताण सोसण्यासाठी तबलीच्या आतील बाजूस लाकडी पट्ट्यांचा आधार दिलेला असतो. नायलॉनच्या गिटारीत त्या बारीक पट्ट्या पंख्याच्या काड्यांसारख्या पसरलेल्या असतात. पोलादी गिटारीत जाड पट्ट्या एकमेकींना फुलीसारख्या छेदतात. नाजूक गिटारीला हौसेने पोलादी तारा चढविणाऱ्याची तबली हळूहळू फुगते आणि एखाद्या दिवशी तारा धरून ठेवणारी घोडीच उखडून निघते. उलट, जाड आधाराच्या गिटारीला नायलॉनच्या तारा लावल्या तर काही मोडत नाही. पण तबली पुरेशी कंप पावत नाही आणि वाद्य रुसल्यासारखे पुटपुटते.

तिसरी बहीण विजेवर चालणारी. हिचे अंग बहुधा भरीव लाकडाचे, म्हणून वीज नसेल तर तिचा आवाज शेजारच्या खोलीतही नीट पोहोचत नाही. तिच्या तारांखाली चुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेची वेटोळी बसविलेली असतात. पोलादी तार हलली की वेटोळ्यात क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो आणि ध्वनिवर्धक त्याचा मोठा आवाज करतो. नायलॉनची तार चुंबकापुढे कितीही थरथरली तरी त्याला तिची वार्ताही लागत नाही. म्हणजे ज्या वादकाला एकाच मैफलीत स्पेनची मृदू धून, अमेरिकेतील लोकगीत आणि विजेच्या गिटारीचा गजर ऐकवायचा आहे, त्याच्या शेजारी तीन वाद्ये उभी राहणारच. तो दिखाऊपणा नव्हे.

गरजेचा आणखी एक प्रकार आहे. जोधपूरचे ब्रिजभूषण काब्रा (१९३७–२०१८) यांनी हवाई बेटांतून आलेल्या पद्धतीची गिटार हिंदुस्थानी रागसंगीतात आणली. १९६७ साली शिवकुमार शर्मा यांचे संतूर व हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी यांच्यासह त्यांनी वाजविलेली 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका फार गाजली. या पद्धतीत गिटार आडवी ठेवतात, डाव्या हाताची बोटे तारांवर दाबीत नाहीत, तर पोलादाचा गुळगुळीत तुकडा तारेवरून सरकवतात. त्यामुळे गळ्यातून निघावी तशी अखंड मींड निघते. पण त्यासाठी तारा दांडीपासून इतक्या उंच उचलाव्या लागतात की मग त्याच गिटारीवर बोटाने तार पडद्यावर दाबणे दुष्कर होते. एक कला साधावी तर दुसरीवर पाणी सोडावे लागते. दोन्ही हव्या असतील तर दुसरी गिटार घ्यावी लागते.

रंगमंचावर वेळेचाही प्रश्न असतो. काही गीतांसाठी तारा निराळ्या स्वरांत लावाव्या लागतात. खुंट्या पिळून नवे स्वर लावता येतात हे खरे. परंतु ताण बदललेली तार लगेच स्थिर होत नाही, थोड्याच वेळात ती पुन्हा उतरू किंवा चढू लागते. श्रोत्यांना ताटकळत ठेवण्यापेक्षा दुसरी गिटार आधीच लावून ठेवणे बरे. शिवाय ऐन रंगात तार तुटली तर? भजनी मंडळातील टाळ तुटला तर दुसरा टाळकरी सांभाळून घेतो. एकट्या वादकाला सांभाळून घेणारे कोण असणार?

येथवर सर्व हिशेब गरजेचा झाला, आणि तो तीन-चार गिटारींत संपतो. तरीही कित्येक वादकांच्या घरी वीस-वीस, पन्नास-पन्नास गिटारी असतात. यात थोडा वाटा आठवणींचा असतो: ही पहिल्या कमाईची, ती गुरूंनी दिलेली. थोडा वाटा सुताराच्या कसबावरील प्रेमाचा असतो. आणि खरे सांगावयाचे तर बराच वाटा एका भाबड्या आशेचा असतो. अभ्यास अडला की वाटते, दोष वाद्याचा असावा. नवे वाद्य घेतले की हात चालेल. पहिले आठ दिवस तो चालतोही! मग नवी गिटारही जुन्या गिटारींच्या रांगेत जाऊन बसते.

इंग्लंडमधील ख्यातनाम वादक एरिक क्लॅप्टन यांचे उदाहरण या बाबतीत मौजेचे आहे. १९७० साली अमेरिकेतील नॅशव्हिल शहरी एका दुकानात त्यांना 'स्ट्रॅटोकास्टर' जातीच्या जुन्या विद्युत्-गिटारी स्वस्तात मिळाल्या. त्यांनी एकदम सहा घेतल्या. त्यांपैकी तीन त्यांनी जॉर्ज हॅरिसन, पीट टाउनशेंड आणि स्टीव्ह विनवुड या मित्रांना देऊन टाकल्या. उरल्या तीन. या जातीच्या गिटारीची दांडी अंगाला स्क्रूने जोडलेली असते, म्हणून ती सुटी करता येते. क्लॅप्टन यांनी तिन्ही गिटारी खोलून त्यांचे उत्तमोत्तम भाग निवडले आणि त्यांची एकच काळी गिटार जुळविली. सहांच्या तीन झाल्या, तिनांची एक झाली! 'ब्लॅकी' या लाडक्या नावाची ती गिटार त्यांनी १९८५ पर्यंत प्रमुख वाद्य म्हणून वापरली. पुढे व्यसनमुक्तीच्या कार्यासाठी त्यांनी आपला संग्रह लिलावात काढला. १९९९ साली एका दिवसात शंभर गिटारी विकल्या गेल्या. त्या वेळी ब्लॅकी मात्र त्यांनी मागे ठेवली. तिला निरोप देण्यास आणखी पाच वर्षे लागली. २००४ साली ती ९,५९,५०० डॉलरना विकली गेली.

अमेरिकेतीलच विली नेल्सन या गायकाने १९६९ साली एक नायलॉनच्या तारांची गिटार प्रत्यक्ष न पाहताच विकत घेतली आणि पन्नासाहून अधिक वर्षे तीच वाजविली. ही गिटार बोटांनी छेडण्यासाठी घडविलेली. म्हणून तिच्या तबलीवर संरक्षक पट्टी नव्हती. नेल्सन मात्र नखीने वाजवीत. नखीच्या घासण्याने तबलीला भलेमोठे भोक पडले. दुसऱ्या कोणी नवी गिटार आणली असती; त्यांनी कारागिराकडून तिची वरचेवर डागडुजी करविली आणि वादन चालू ठेवले.

एका गिटारीसाठी माणूस काय करील याची सीमा बी. बी. किंग (१९२५–२०१५) या कृष्णवर्णीय वादकाच्या तरुणपणी दिसली. १९४९ च्या हिवाळ्यात आर्कान्सा राज्यातील ट्विस्ट या लहानशा गावी ते एका नाचघरात वाजवीत होते. ऊब यावी म्हणून मध्यभागी पिंपात रॉकेल पेटविले होते. दोघा माणसांचे भांडण जुंपले, पिंप उलटले आणि क्षणात आग पसरली. सर्वांबरोबर किंगही बाहेर धावले. बाहेर आल्यावर ध्यानात आले, गिटार आतच राहिली! गिटार साधीच, स्वस्तातली. पण दुसरी घेण्याची ऐपत नव्हती. ते जळत्या घरात परत शिरले आणि गिटार घेऊन कसेबसे जिवानिशी बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी कळले की भांडण ल्यूसिल नावाच्या एका स्त्रीवरून झाले होते. पुन्हा असा वेडेपणा करावयाचा नाही, याची आठवण राहावी म्हणून त्यांनी गिटारीचे नाव ल्यूसिल ठेवले. पुढे कीर्ती आली, पैसा आला, गिटारी बदलत गेल्या. पण प्रत्येक नव्या गिटारीला ते ल्यूसिल याच नावाने हाक मारीत. त्यांच्याजवळ गिटारी किती होत्या, असे कोणी विचारले तर काय उत्तर द्यावे?

स्पेनचे आंद्रेस सेगोव्हिया (१८९३–१९८७) विशीच्या सुमारास माद्रिद शहरात आले तेव्हा त्यांच्यापाशी मोठ्या मैफलीस साजेल अशी गिटारच नव्हती. ते मान्वेल रामीरेझ या प्रसिद्ध कारागिराच्या दुकानात गेले आणि एका मैफलीपुरती उत्तम गिटार भाड्याने मागू लागले. पियानो भाड्याने मिळतो, मग गिटार का मिळू नये, असा त्यांचा सरळ सवाल होता. दुकानातील मंडळींना हसू आले. तरीही १९१२ साली घडविलेली एक गिटार त्यांच्या हाती देण्यात आली. तरुण वाजवू लागला, हसणारे स्तब्ध झाले. वादन संपल्यावर रामीरेझ यांनी ती गिटार त्यालाच देऊन टाकली. पैसे घेतले नाहीत. ती त्यांनी सुमारे पंचवीस वर्षे वाजविली. दरम्यान हेरमान हाउझर या जर्मन कारागिराने ती बारकाईने न्याहाळली व तिच्या तोडीचे वाद्य घडविण्याचा ध्यास घेतला. वर्षानुवर्षे तो गिटारी घडवून दाखवीत राहिला. सेगोव्हिया यांचे समाधान होईना. अखेर १९३७ साली त्याने केलेली गिटार त्यांच्या मनास आली, आणि १९६२ पर्यंत जगभरच्या मैफलींत त्यांनी तिचीच सोबत घेतली. म्हणजे अर्धशतकाच्या वादनाचा मुख्य भार दोन गिटारींनी वाहिला.

त्या दोन्ही गिटारी १९८६ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयास देण्यात आल्या. त्यांतील एक, माद्रिदच्या त्या दुकानात केवळ एका मैफलीपुरती मागितलेली.