पुण्यातली ठेव आणि एक लाखाची रेघ

ब्रिटनमध्ये १२,५७० पौंडांपर्यंतच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही. त्यापुढे ५०,२७० पर्यंत २० टक्के, १,२५,१४० पर्यंत ४० टक्के आणि त्यावर ४५ टक्के. स्कॉटलंडचे टप्पे वेगळे. उत्पन्न एक लाखाच्या वर गेलं, की वरच्या दर दोन पौंडांमागे करमुक्त रकमेतला एक पौंड कमी होतो. त्यामुळे त्या पट्ट्यातल्या पगारावर खरा भार ६० टक्क्यांचा पडतो. २०१०मध्ये आखलेली ही रेघ आजही तिथेच आहे. पगार मात्र वाढत वाढत तिच्यापर्यंत पोचले.

ही रेघ मला चांगली ठाऊक होती. पगार ९४,०००, मार्चमधला बोनस ५,०००. एकूण ९९,०००. हजार पौंड अजून हातात आहेत, म्हणून मी निर्धास्त होतो.

२०२५-२६चा हिशेब करायला बसलो आणि पुण्याच्या बँकेचा व्याजाचा दाखला उघडला. एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीच्या, मुदत ठेवीवरचं व्याज सुमारे दोन लाख रुपये, म्हणजे १,८०० पौंड. बेरीज झाली १,००,८००.

हे व्याज मी धरलंच नव्हतं. एनआरई ठेवीचं व्याज भारतात करमुक्त असतं आणि ‘करमुक्त’ हा शब्द डोक्यात घट्ट बसलेला. शिवाय भारतातून इथे आलेल्या माझ्यासारख्यांचं परदेशी उत्पन्न दोन हजार पौंडांच्या आत असेल आणि ते तिकडेच ठेवलं असेल, तर पूर्वी ब्रिटन त्यावर कर लावत नसे. ६ एप्रिल २०२५पासून ती व्यवस्था बंद झाली. सलग दहा वर्षं ब्रिटनबाहेर राहून आलेल्यांना पहिली चार वर्षं नवी सवलत मागता येते, पण त्या वर्षी १२,५७० पौंडांच्या करमुक्त रकमेवर पाणी सोडावं लागतं. मला इथे येऊन नऊ वर्षं झाली आहेत.

व्याजावरचा कर सोसण्यासारखा होता. खरी धास्ती मुलीच्या नर्सरीची. इंग्लंडमध्ये नोकरदार आईवडिलांना आठवड्याला ३० तास मोफत मिळतात; शिवाय नर्सरीच्या खर्चासाठी आठ पौंड भरले की सरकार दोन पौंड घालतं, वर्षाला एका मुलामागे दोन हजारांपर्यंत. दोघांपैकी एकाचंही उत्पन्न लाखापुढे जाणार असेल, तर दोन्ही बंद. नवराबायको प्रत्येकी ९९,००० कमावत असले तरी चालतं. एकाचं १,००,८०० झालं की संपलं. दर तीन महिन्यांनी हे उत्पन्न आपणच जाहीर करायचं असतं. फेब्रुवारीत मी व्याज न धरताच ते जाहीर केलं होतं. चूक माझी होती. लक्षात येताच कळवून टाकली.

भारतात ठेवी असलेल्यांनी म्हणून हिशेब जानेवारीतच करावा. बँकेचा दाखला १ एप्रिल ते ३१ मार्चचा आणि रुपयांत असतो. ब्रिटनचं करवर्ष ६ एप्रिल ते ५ एप्रिल. व्याजाच्या तारखा पाहून पौंडांत रक्कम मांडावी. भारतात कर कापलाच गेलेला नसल्यामुळे इथे त्याची वजावट मागता येत नाही. दोन्ही देश बँकखात्यांची माहिती एकमेकांना कळवतात, तेव्हा व्याज दडून राहील या भ्रमात कुणी राहू नये.

रक्कम लाखापुढे जाताना दिसली, तर ५ एप्रिलच्या आत खासगी पेन्शनमध्ये पैसे भरावेत. ८० पौंड भरले की सरकारचे २० त्यात जमा होतात आणि पूर्ण १०० पौंड या हिशेबातून वजा होतात. तारीख उलटली की गेल्या वर्षासाठी पेन्शनचा उपयोग नाही. मग वाट उरते गिफ्ट एड या करसवलतीखाली संस्थेला दिलेल्या देणगीची; तीही या हिशेबातून वजा होते. विवरणपत्र भरण्यापूर्वी, ३१ जानेवारीच्या आत दिलेली देणगी मागच्या वर्षात दाखवता येते.

मी ६४० पौंड दिले. करासह ते ८०० धरले जातात आणि गेल्या वर्षाची बेरीज बरोबर एक लाखावर आली. या एप्रिलपासून पेन्शनमध्ये दरमहा शंभर पौंड जास्त जातात, आणि नर्सरीसाठी उत्पन्न जाहीर करताना पुण्याच्या ठेवीची पावती शेजारी उघडी असते.