दुखणं अंगावर काढू नका: हृदयाच्या खुणा आणि उपचारानंतरची काळजी

तायांनो, सिनेमात हार्ट अटॅक कसा दाखवतात? माणूस छाती धरतो आणि कोसळतो. बायकांनाही छातीत दुखतंच, पण पुष्कळदा दुखण्यापेक्षा दडपण जाणवतं, किंवा त्रास भलतीकडेच होतो. मग आपण म्हणतो, "पित्त झालं असेल, दगदग झाली." ओवा खातो आणि कामाला लागतो. दिवाळे-सारसोळ्याच्या कोळीवाड्यातली मासळीवाली असो की तुर्भ्याच्या बाजारात भाजी निवडणारी, सगळ्यांची हीच सवय. ती जिवावर बेतू शकते.

आत काय होतं?
हृदयाला रक्त देणाऱ्या नळ्यांमध्ये चरबीचा थर साचत जातो. तो फुटला की त्यावर रक्ताची गुठळी बसते आणि नळी बंद होते. पुढच्या स्नायूला रक्त मिळत नाही, तो मरायला लागतो. मेलेला स्नायू पुन्हा जिवंत होत नाही. म्हणून इथे मिनिटामिनिटाला किंमत आहे.

या खुणा ओळखा
- छातीत दडपण, आवळल्यासारखं किंवा जळजळ
- जबडा, मान, पाठ, खांदा किंवा हात दुखणं
- उकडत नसताना दरदरून घाम, मळमळ, चक्कर
- नेहमीचा जिना चढताना लागणारा दम
- काही दिवसांपासून कधी नव्हता एवढा थकवा, झोप न लागणं

चालताना त्रास होतो आणि बसलं की थांबतो, ही हृदयाची खूण असू शकते. दोन दिवसांत डॉक्टरला दाखवा. गॅसच्या गोळीने बरं वाटलं म्हणजे गॅसच होता असं नाही. साखरेचा आजार असेल तर कधी कधी दुखणं जाणवतही नाही. बीपी, मशेरी-तंबाखू, पाळी गेल्यानंतरचं वय, गरोदरपणात वाढलेलं बीपी किंवा साखर, यांनी धोका वाढतो.

नियमित व्यायाम करणाऱ्या अभिनेत्री सुष्मिता सेन यांना २०२३ मध्ये, ४७ व्या वर्षी अटॅक आला. अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला. त्यांनी हे स्वतः सगळ्यांना सांगितलं आणि त्या पुन्हा कामालाही लागल्या. वेळेवर उपचार मिळाले की बाई पुन्हा उभी राहते.

त्या वेळी काय करायचं?
त्रास अचानक सुरू झाला आणि थांबेना, तर १०८ ला फोन करा. गाडी मोफत असते, सोबत डॉक्टर असतात. बाईला बसवून ठेवा, चालवू नका. नवरा कामावरून येईपर्यंत थांबू नका. पहिला ईसीजी नॉर्मल आला पण त्रास चालूच असेल, तर पुन्हा काढायला सांगा आणि ट्रोपोनिन ही रक्ततपासणी करायची का, ते विचारा.

मंगळसूत्र गहाण टाकण्याआधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. योजनेतल्या रुग्णालयात कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. अँजिओप्लास्टी आणि बायपास त्यात आहेत. रेशनकार्ड, आधारकार्ड घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला भेटा. मदतीचा नंबर १५५३८८. पण कागदांसाठी अडून बसू नका, आधी रुग्णालय गाठा.

घरी आल्यावर
स्टेंट बसल्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून बहुधा दोन गोळ्या देतात, बऱ्याच जणींना वर्षभर. "आता बरं वाटतंय, पैसे वाचतील" म्हणून त्या बंद केल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. दात काढायचा असला तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. शौचाला काळं झालं तर लगेच दाखवा.

बायपासमध्ये छातीचं हाड कापलेलं असतं. ते जुळायला दोन-तीन महिने लागतात. तोवर भरलेली कळशी, गॅसची टाकी, नातवंड उचलायचं नाही. पण अंथरुणाला खिळूनही राहायचं नाही. डॉक्टर सांगतील तसं रोज थोडं थोडं चालणं वाढवा. मशेरी कायमची बंद. मीठ दिवसाला एक लहान चमचा, त्यातच सुकट, खारे बोंबील, लोणचं, पापड आलं.

पुष्कळ बायकांना या काळात रडू येतं, भीती वाटते. हे नखरे नाहीत, आजारानंतर असं होतं. डॉक्टरांना सांगा आणि मैत्रिणींशी बोला.

पुढच्या बैठकीत हे करा
१. महिनाभरात कुणाला नवा थकवा किंवा दम जाणवला का, ते एकमेकींना विचारा.
२. तिशीच्या पुढच्या प्रत्येकीचं बीपी आणि साखर तपासण्याचा दिवस ठरवा.
३. गटातली एखादी उपचार घेऊन आली असेल, तर तिचं पाणी कोण भरणार आणि तिच्यासोबत चालायला कोण जाणार, हे नावानिशी वहीत लिहा.

घरातलं कुणी आजारी पडलं तर आपण धावतो. तेवढीच घाई स्वतःसाठीही करा.