हळदीचा कागद

तुमच्या घरी अजून शाळेत न जाणारे धाकटे भावंड आहे ना? मग चमचाभर हळद पाण्यात कालवून टीपकागदावर सारवा व कागद वाळवा. त्यावर कपड्यांच्या साबणाचे पाणी टाकण्यापूर्वी त्यालाच विचारा, "आता काय होईल?" उत्तर सांगू नका, घाई आपल्यालाच असते! कागद लालसर होतो. त्यावर लिंबू पिळताच पुन्हा पिवळा! हळदीतील करक्युमिन हे रंगद्रव्य आम्लात पिवळे, तर आम्लारीत लाल दिसते. साबणाचे पाणी आम्लारिधर्मी असते. आमटीचा डाग धुताना लाल का होतो, ते आता उमगेल. ताक, मिठाचे पाणी, खाण्याचा सोडा यांची परीक्षा त्यालाच करू द्या. चुना मात्र डोळ्यांना घातक. तो त्याच्या हाती देऊ नका.