वंदनाआधी ओळख

नागपूर

चि. भाचीस,


कुशीनगरला गेल्यावर तिथल्या ब्रह्मी विहारात, बाबासाहेबांना धम्मदीक्षा देणाऱ्या महास्थवीर चंद्रमणींच्या स्मृतीला वंदन करावं की करू नये, असं तू विचारलंस. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेल्या घरात वाढलेल्या मुलीला कुणापुढेही वाकताना थबकायला होतं, आणि ते थबकणं चांगलंच आहे. माझं मत आधी सांगतो, कारणं मागून देतो. वंदन अवश्य कर. पण ज्याला वंदन करायचं त्याने काय केलं हे आधी तपास, आणि वंदन झाल्यावर त्याच्या कामाचा काही भार आपल्या खांद्यावर घे. या दोन गोष्टी जमणार नसतील तर फुलं नेण्याचे कष्ट घेऊ नकोस. न तपासता वाकणं हा आळस आहे, तसाच न तपासता ताठ उभं राहणं हाही आळसच. पहिल्याला आपण अंधभक्ती म्हणतो. दुसऱ्याला विवेक म्हणण्याची चूक मात्र आपल्या तरुण पोरांकडून वरचेवर होते.

आधी माणूस ओळखून घे. चंद्रमणींचा जन्म १८७६ सालचा, ब्रह्मदेशातल्या अराकान प्रांतातला. कोवळ्या वयात ते भारतात आले आणि महावीर नावाच्या भारतीय भिक्खूंच्या सोबतीने कुशीनगरात राहिले. कुशीनगर तेव्हा तीर्थ नव्हतं, उत्खननाची जागा होती. १८७६ साली कार्लाइल या पुरातत्त्व अधिकाऱ्याने तिथल्या मातीतून बुद्धांची सहा मीटरांहून थोडी लांब अशी शयनमूर्ती बाहेर काढली, तीही तुकड्यातुकड्यांनी, आणि ते तुकडे जोडावे लागले. पाचव्या शतकातली ही मूर्ती हरिबल नावाच्या दात्याने दिल्याचं तिच्यावरचा लेख सांगतो. पण मूर्ती सापडली म्हणून वंदना सुरू होत नाही. वंदना करणारी माणसं तिथे राहावी लागतात, यात्रेकरूंना निवारा लागतो, पाठ शिकवणारं कुणीतरी लागतं. हे काम महावीरांनी आणि त्यांच्यामागे चंद्रमणींनी केलं. ब्रह्मदेशातल्या दात्यांच्या पैशातून १९०२ च्या सुमारास धर्मशाळा उभी राहिली, पुढे विहार वाढला, गावातल्या मुलांसाठी शाळा निघाल्या. चंद्रमणींचं निधन १९७२ साली कुशीनगरातच झालं. म्हणजे ज्या भूमीत बौद्ध म्हणवून घेणारा माणूस शोधावा लागत होता, तिथे या परक्या देशातल्या भिक्खूने आपलं जवळजवळ सगळं आयुष्य घालवलं.

आता वंदनाविषयी बौद्ध परंपरा काय म्हणते ते पाहू, आणि त्यासाठी कुशीनगराहून चांगली जागा नाही, कारण हा प्रश्न पहिल्यांदा तिथेच सोडवला गेला. महापरिनिब्बान सुत्तात बुद्ध दोन शालवृक्षांच्या मध्ये पहुडले आहेत आणि झाडांवरून अवेळी फुलं झरत आहेत. तेव्हा ते आपला शिष्य आनंद याला सांगतात की तथागताचा खरा सन्मान फुलांनी होत नाही. जो भिक्खू, जी भिक्खुणी, जो उपासक, जी उपासिका धम्माप्रमाणे वागते, तीच खरी पूजा करते. एवढ्यावरच थांबलो तर स्तूप, मूर्ती, स्मारक सगळं फोल ठरेल. पण त्याच सुत्तात पुढे चार जणांसाठी स्तूप उभारणं योग्य मानलं आहे आणि त्यांत तथागताचा श्रावक, म्हणजे शिष्यही येतो. कारण असं दिलं आहे की स्तूप पाहून अनेकांची मनं प्रसन्न होतात. स्मारक हे गेलेल्या माणसाच्या सोयीसाठी नसतं, पाहणाऱ्याच्या मनासाठी असतं. एखाद्या थोर भिक्खूच्या स्मृतीस्थानी उभं राहण्यात धम्माला सोडून काहीच नाही. मात्र त्या उभं राहण्यातून आपल्यात काही घडलं पाहिजे, ही अट तिथेच घातलेली आहे.

सन्मान बिघडतो कसा, हेही तोच प्रसंग दाखवतो. बुद्धांच्या दहनानंतर मगधाचा अजातशत्रू, वैशालीचे लिच्छवी, कपिलवस्तूचे शाक्य, रामग्रामचे कोलिय आणि इतर अनेक जण अस्थींवर हक्क सांगत आले. कुशीनाराच्या मल्लांनी आधी द्यायला नकार दिला. ज्याने आयुष्यभर अहिंसा शिकवली त्याच्या हाडांवरून लढाई जुंपण्याची वेळ आली आणि द्रोण नावाच्या ब्राह्मणाने आठ वाटे करून ती टाळली. त्या लोकांची श्रद्धा खोटी नव्हती, पण तिचं रूपांतर मालकीत झालं होतं. याच सुमारास बुद्धांचा शिष्य महाकाश्यप याच्या कानावर एका म्हाताऱ्या भिक्खूचे उद्गार पडले, की बरं झालं, आता आपण हवं तसं वागायला मोकळे झालो. ते ऐकून महाकाश्यपाने राजगृहात भिक्खूंना जमवलं आणि बुद्धवचनांचं संगायन करवून घेतलं. गुरू गेल्यावर शिष्य दोन गोष्टी करू शकतात हे यावरून दिसतं: अवशेषांसाठी भांडू शकतात किंवा शिकवण पुन्हा म्हणून, पडताळून, पुढे देऊ शकतात. आपल्यापर्यंत धम्म पोचला तो दुसऱ्या मार्गाने.

तुझ्या मनातली पहिली हरकत मला ठाऊक आहे: बाबासाहेबांनी व्यक्तिपूजेचा धिक्कार केला, मग हे कशाला? २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं त्यांचं भाषण पुन्हा वाच. राजकारणातली भक्ती हा अधोगतीचा आणि पुढे हुकूमशाहीचा रस्ता आहे, हा इशारा त्यात आहेच. पण त्याच्या अलीकडेच ते म्हणतात की ज्यांनी देशासाठी आयुष्य वेचलं अशा थोरांविषयी कृतज्ञ राहण्यात काही गैर नाही; फक्त त्या कृतज्ञतेला मर्यादा हव्यात, आणि आपलं स्वातंत्र्य कुणाच्या पायाशी वाहू नये. आपण इशारा पाठ केला आणि त्याच्या शेजारचं विधान विसरलो. भक्त आपली विचारशक्ती गहाण टाकतो. कृतज्ञ माणूस ती शाबूत ठेवून ऋण मान्य करतो. राहिला वाकण्याचा प्रश्न. दीक्षेच्या वेळी बाबासाहेब आणि त्यांच्या पत्नी माईसाहेब बुद्धमूर्तीसमोर हात जोडून तीनदा नतमस्तक झाले, त्यांनी पांढरी कमळं वाहिली. वाकण्याच्या कृतीवर त्यांचा राग नव्हता. वाकवून घेणाऱ्या व्यवस्थेवर होता.

दुसरी हरकत अधिक तिखट आहे. दीक्षा बाबासाहेबांची, अभ्यास त्यांचा, निर्णय त्यांचा. चंद्रमणींनी काही मिनिटांचा विधी केला, एवढ्यासाठी त्यांना मोठेपण कशाला? १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर काय क्रमाने घडलं ते नीट बघ. भारतातले वयाने सर्वांत ज्येष्ठ भिक्खू म्हणून बाबासाहेबांनी चंद्रमणींना बोलावलं. ऐंशीच्या घरातल्या त्या वृद्धाने बाबासाहेबांना आणि माईसाहेबांना पालीतून त्रिशरण-पंचशील दिलं. त्यानंतर बाबासाहेबांनी स्वतः उभं राहून लाखोंच्या समुदायाला त्रिशरण, पंचशील आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. एका उपासकाने, चीवर न घेतलेल्या गृहस्थाने, इतक्या लोकांना दीक्षा द्यावी ही परंपरेला नवी गोष्ट होती, आणि प्रतिज्ञा तर कोणत्याही पाली ग्रंथात नव्हत्या. बाबासाहेबांना हवं असतं तर कुणाही भिक्खूशिवाय ते बौद्ध झाल्याचं जाहीर करू शकले असते. पण अडीच हजार वर्षं हातोहात आलेल्या परंपरेतून शरण घ्यायचं आणि मग तिची सूत्रं आपल्या लोकांसाठी आपल्या हाती घ्यायची, हा त्यांनी विचारपूर्वक निवडलेला मार्ग होता. त्यात चंद्रमणींचा वाटा दुहेरी आहे. जे जपलं होतं ते त्यांनी दिलं, आणि दिल्यावर ते बाजूला झाले. लाखो लोकांचा गुरू होण्याची संधी समोर असताना ज्याने सगळं आपल्याच हातून व्हावं असा हट्ट धरला नाही, त्याचं मोठेपण त्या काही मिनिटांच्या विधीतही आहे आणि त्यानंतरच्या मागे सरण्यातही आहे.

याशिवाय एक कसोटी खुद्द बाबासाहेबांनी लावलेली आहे आणि ती टाळून कोणत्याही भिक्खूचा सन्मान करता येणार नाही. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’च्या प्रास्ताविकात ते विचारतात की भिक्खू निर्माण करण्यामागे बुद्धांचा हेतू काय होता: परिपूर्ण माणूस घडवणं की समाजसेवक घडवणं? नुसता परिपूर्ण माणूस धम्माच्या प्रसाराला निरुपयोगी, कारण तो स्वार्थी राहतो. समाजसेवक भिक्खू मात्र बौद्ध धम्माची आशा ठरू शकतो, असा त्यांचा रोख आहे. या कसोटीवर चंद्रमणींना घासून बघ. त्यांनी काढलेल्या शाळांचा उल्लेख वर आलाच. नेपाळात राणांच्या राजवटीत कुणी भिक्खू होणं हा अपराध ठरत होता, १९४४ साली तिथल्या भिक्खूंना देशाबाहेर काढलं गेलं. त्या पिढीतल्या महाप्रज्ञ, अमृतानंद यांच्यासारख्यांना प्रव्रज्या मिळाली ती कुशीनगरात, चंद्रमणींकडून. १९४९ साली त्यांच्याकडूनच श्रामणेर झालेले इंग्रज संघरक्षित पुढे महाराष्ट्रातल्या नवदीक्षित बौद्धांमध्ये वर्षानुवर्षं हिंडून बोलले. ज्यांना आपल्या देशात, आपल्या समाजात दार बंद होतं, त्यांना या एका विहाराचं दार उघडं सापडलं. माझ्या हिशेबाने हा माणूस कसोटीला उतरतो. तुझा हिशेब तू कर.

इथे तू अराकानचं नाव काढशील, आणि काढायलाच हवं. त्याच प्रांतातून २०१७ नंतर सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळाले, आणि म्यानमारमधल्या काही भिक्खूंनी मुसलमानांविरुद्ध उघड द्वेष पसरवला. मग ब्रह्मी भिक्खूपुढे हात का जोडावेत? माझं उत्तर असं की या प्रश्नामुळे तपासून वंदन करण्याचा आग्रह आणखी पक्का होतो. चीवर ही चांगुलपणाची हमी नाही, तसंच एखाद्या प्रांतात जन्मणं हा गुन्हाही नाही. माणसाला त्याच्या जन्मावरून किंवा वेशावरून तोलायचं नाही, कृतीवरून तोलायचं, हे तर आपण बुद्धांकडून शिकलो. ज्या भिक्खूंनी द्वेष शिकवला त्यांना वंदन करू नकोस, ते कितीही मोठ्या विहाराचे प्रमुख असोत. ज्याने आयुष्यभर दार उघडं ठेवलं त्याला मात्र इतरांच्या पापाची शिक्षा देऊ नकोस.

शेवटची शंका विधीची. श्राद्ध आणि पिंडदान करणार नाही, अशी आपली प्रतिज्ञा आहे. मग दिवंगत महास्थवीरांच्या नावाने भिक्खूंना भोजन द्यायचं, पुण्यानुमोदन करायचं, हे श्राद्धच नव्हे का? बाहेरून पाहिलं तर साम्य आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. फरक तुझ्या समजुतीत असला पाहिजे. गेलेला माणूस उपाशी आहे, मध्यस्थाला दिल्याशिवाय त्याला मिळणार नाही, असं धरून केलेलं कृत्य हे श्राद्ध. मग त्यात पाली गाथा म्हटल्या तरी. आणि त्याच्या नावाने जिवंत माणसांचं काही भलं करावं, त्या निमित्ताने त्याचं काम आठवावं, एवढ्यासाठी केलेलं दान हे दान. चंद्रमणींना आता तुझ्याकडून काहीही नको आहे. तिथल्या शाळेत शिकणाऱ्या पोरांना कदाचित वह्या हव्या असतील. कुणी तुला नवस, गंडा किंवा आशीर्वादाचं पाणी देऊ केलं तर नम्रपणे नाही म्हण; नम्रपणे म्हणतो, कारण देणारा बहुधा साधा माणूस असतो आणि त्याच्याशी वाद घालून धम्म वाढत नाही.

आता प्रवासापुरतं. गोरखपूरला उतरलीस की कुशीनगर पन्नासेक किलोमीटर पूर्वेला आहे. आधी महापरिनिर्वाण मंदिरात जा आणि शयनमूर्तीला प्रदक्षिणा घालताना मस्तकाशी, मध्यभागी आणि पायांशी अशी तीन ठिकाणी थांबून नीट पाहा. आज दिसणारी वास्तू १९५६ च्या, म्हणजे बुद्धांच्या महापरिनिर्वाणाच्या अडीच हजाराव्या वर्षाच्या निमित्ताने सरकारने बांधलेली आहे. तेच वर्ष आपल्या दीक्षेचं, हे तिथे ध्यानात ठेव. मग रामाभार स्तूपाकडे जा. दहन तिथे झालं आणि अस्थींचा तंटाही त्या दहनामागोमागच पेटला. त्यानंतर ब्रह्मी विहारात जा. त्रिशरण-पंचशील म्हण, चंद्रमणींच्या स्मृतीला हात जोड, आणि ते नेपाळात, नागपुरात, कुशीनगरात कुणाच्या कामी आले हे बरोबरच्या मैत्रिणींना चार वाक्यांत सांग. फोटोपेक्षा ती चार वाक्यं महत्त्वाची, कारण त्यांतल्या बहुतेकींना दीक्षा देणाऱ्या भिक्खूंचं नाव ठाऊक असेल, काम ठाऊक नसेल. परत आल्यावर आपल्या वस्तीतल्या विहारात, जो वर्षातून दोन जयंत्यांना उघडतो आणि एरवी कुलपात असतो, तिथे आठवड्यातून एक दिवस मुलांना शिकवायला बस. दार उघडं ठेवणाऱ्या भिक्खूचा याहून योग्य सन्मान मला सुचत नाही. म्हणून निघण्याआधी दोन गोष्टी ठरव: दान कोणत्या कामाला द्यायचं, आणि विहाराची किल्ली कुणाकडून मागून घ्यायची. ठरलं की कळव.

तुझा,
मामा