समोरची काच बदलण्यापूर्वी

पुष्कळ वर्षे दिवाणी वकिली केल्यामुळे, जे काम पूर्ण झाल्यावर डोळ्यांना दिसत नाही त्याचा पुरावा काम सुरू होण्यापूर्वीच तयार करून ठेवला पाहिजे, ही गोष्ट माझ्या अंगवळणी पडलेली आहे. आणि मोटारीची समोरची काच बदलणे हे अशाच अदृश्य कामांपैकी एक आहे, हे अलीकडे मला अनुभवाने कळले. नवी काच बसली की ती स्वच्छ दिसते, तिच्यातून रस्ता दिसतो, आणि मालक समाधानाने पैसे मोजून मोकळा होतो. परंतु तिच्या कडेखाली चिकटद्रव्याची पट्टी अखंड आहे की तुटक, पत्र्याला पडलेला चरा रंगवला आहे की तसाच झाकला आहे, आणि आरशामागील कॅमेऱ्याची दृष्टी सरळ आहे की तिरपी, यांपैकी एकही गोष्ट त्याला दिसत नाही. मोटार जितकी किमती तितक्या या अदृश्य गोष्टी अधिक असतात, आणि बालाघाटसारख्या जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला त्यांची दुरुस्ती तितकीच दूर जाऊन करून घ्यावी लागते. म्हणून हा वृत्तांत सविस्तर लिहिण्याचे योजिले आहे.

आमचा जिल्हा खाणींचा आहे. भरवेली, उकवा, तिरोडी येथे मँगनीज, आणि १९८२ पासून मलाजखंडला तांबे. खनिज, मुरूम आणि गिट्टी वाहणाऱ्या डंपरांची रहदारी येथे रात्रंदिवस चालते, आणि त्याच रस्त्यांनी कान्हाच्या मुक्की दरवाजाकडे जाणाऱ्या पर्यटकांच्या उंच, किमती गाड्याही धावतात. थोरल्या चिरंजीवाने घेतलेल्या जर्मन बनावटीच्या मोठ्या गाडीतून आम्ही हिवाळ्यातील एका संध्याकाळी बैहरकडून परत येत असता, ताडपत्री न बांधलेल्या एका डंपरमधून उडालेला खडा समोरच्या काचेवर आदळला आणि तिच्या खालच्या कडेजवळ हरभऱ्याएवढा टवका उडाला. रात्रभर गाडी उघड्यावर राहिली, सकाळी दव घालवण्यासाठी चालकाने उष्ण हवेचा झोत काचेवर सोडला, आणि थंड काचेचा एक भाग एकाएकी तापल्यामुळे त्या टवक्यापासून निघालेला तडा पाहता पाहता पलीकडच्या कडेला जाऊन पोहोचला.

टवका उडाल्यावर प्रथम काय करावे, हे म्हणूनच सांगून टाकतो. त्यावर तत्काळ पारदर्शक चिकटपट्टी लावावी, म्हणजे धूळ आणि पाणी आत शिरत नाही. काचेवर उष्ण किंवा थंड हवेचा तीव्र झोत सोडू नये. जोराच्या फवाऱ्याने गाडी धुऊ नये. टवका रुपयाच्या नाण्याहून लहान असेल, कडेपासून दूर असेल, आणि चालकाच्या दृष्टीसमोर किंवा कॅमेऱ्यासमोर नसेल, तर त्यात रेझिन भरून काच वाचवता येते. कडेला पोहोचलेला तडा मात्र भरून निघत नाही. तेथे काच बदलण्यावाचून गत्यंतर नसते.

अँबॅसेडरच्या काळी हे काम बालाघाटच्या कोणत्याही जुन्या मिस्त्रीला येत असे. काचेभोवती रबराची पन्हळी असे, तिच्या खाचेत दोरी बसवून ती आतून ओढत गेले की रबराची कड पत्र्यावर चढे आणि काच आपल्या जागी बसे. आजच्या गाडीत रबराचे ते काम उरलेले नाही. काच पॉलियुरेथेनच्या चिकटद्रव्याने थेट सांगाड्याला जोडलेली असते आणि ती त्या सांगाड्याचाच एक अवयव असते. गाडी उलटली तर छत तोलून धरण्यास ती साहाय्य करते, आणि शेजारच्या आसनापुढील एअरबॅग फुगते तेव्हा ती या काचेवर आदळूनच प्रवाशाकडे वळते. चिकटद्रव्य कच्चे असेल तर काच बाहेर फेकली जाईल, आणि एअरबॅगला टेकायला काही उरणार नाही. ज्या आसनावर बहुधा घरातील वडीलधारे माणूस बसते, त्याच्या प्राणांशी या न दिसणाऱ्या पट्टीचा असा साक्षात संबंध आहे.

काचही एकेरी नसते. एद्वार बेनेदिक्तुस या फ्रेंच गृहस्थाच्या प्रयोगशाळेत १९०३ साली एक चंबू खाली पडला. त्याच्या आतल्या बाजूस सेल्युलोज नायट्रेटचा पातळ थर वाळून बसला असल्यामुळे तो तडकला, पण विखुरला नाही. आणि त्या निरीक्षणातून १९०९ साली दोन काचांमध्ये लवचीक थर असलेल्या काचेचे पेटंट निघाले. तो जुना थर उन्हाने पिवळा पडत असे. पुढे त्याच्या जागी पॉलिव्हिनाइल ब्युटिरल आले आणि आजही तेच वापरतात. किमती गाडीत या मधल्या थरावर आणखी कामगिऱ्या सोपवलेल्या असतात. तो बाहेरचा आवाज शोषतो, कधी काचेच्या लेपाबरोबर उन्हाची उष्णता अडवतो, आणि वेगाचा आकडा चालकासमोर काचेवर उमटवणारा हेड-अप डिस्प्ले असेल तर तो पाचरीसारखा, एका बाजूस किंचित जाड असतो. याचे कारण असे की तिरप्या काचेच्या आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही पृष्ठभागांवरून प्रकाश परावर्तित होतो. थर सर्वत्र सारख्या जाडीचा असेल तर एका आकड्याचे दोन आकडे दिसतात, पाचरीचा असेल तर ते एकावर एक बसतात. एकाच नमुन्याच्या गाडीसाठी म्हणूनच अनेक प्रकारच्या काचा मिळतात, मापाने त्या सर्व बसतात, आणि नेमक्या याच कारणाने फसवणूक सुकर होते.

आमचे पुढे काय झाले ते आता सांगतो. १९५६ च्या नोव्हेंबरपर्यंत नागपूर ही आमची राजधानी होती. राजधानी भोपाळला गेली तरी बालाघाटची मोठी कामे अद्याप नागपूरलाच होतात, त्याप्रमाणे हेही काम तेथील एका दुकानाकडे सोपवले. दुकानाचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही. अंदाजपत्रक मागताना मी गाडीचा चॅसिस क्रमांक देऊन त्यावरून ठरणारा काचेचा सुटा-भाग क्रमांक, काचेवरील सोयींचे वर्णन, चिकटद्रव्याचे नाव आणि कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन हे सर्व लेखी मागून घेतले, आणि त्यावर शिक्का व सही घेतली. काच बसल्यावर गाडी ताबडतोब नेण्यास हरकत नाही असे तोंडी सांगण्यात आले. चिकटद्रव्याच्या उत्पादकाने दिलेली मुदत दाखवा, असे मी म्हणालो तेव्हा ती कोणी दाखवू शकले नाही, आणि आम्ही त्या रात्री नागपुरातच आप्तांकडे मुक्काम केला.

दुसऱ्या दिवशी उजेडात काही वावगे दिसले नाही. परतताना काळोख पडल्यावर मात्र वेगाचा आकडा दुहेरी दिसू लागला. कोरड्या हवेत वायपर आपोआप फिरू लागले, कारण पावसाची चाहूल घेणारा सेन्सर काचेला नीट भिडलेला नव्हता. आणि वेग वाढताच उजव्या खांबापाशी वाऱ्याची बारीक शीळ ऐकू येऊ लागली. काचेच्या कोपऱ्यातील छाप पाहिला तर तो अंदाजपत्रकातील वर्णनाशी जुळत नव्हता, आणि बिलात सुटा-भाग क्रमांकाचा रकाना रिकामा होता. लेखी नोटीस दिल्यानंतर, आणि ते शिक्क्याचे अंदाजपत्रक पुढे ठेवल्यानंतर, दुकानाने स्वतःच्या खर्चाने योग्य काच दुसऱ्या कार्यशाळेत बसवून देण्याचे मान्य केले. ती चुकीची काच काढली तेव्हा मी समक्ष उभा होतो. खांबाच्या पत्र्यावर सुरीने ओढलेला लांब चरा उघड्या लोखंडापर्यंत गेला होता, त्यावर प्रायमरचा हात फिरलेला नव्हता, आणि तेथे तांबूस गंज धरू लागला होता. दोनतीन पावसाळे गेले असते तर त्या गंजावर कोणतेही चिकटद्रव्य टिकले नसते, आणि दोष कोणाचा हे सिद्ध करणेही शक्य झाले नसते.

दुसऱ्या खेपेस जे काम माझ्या डोळ्यांदेखत नीट झाले, त्यावरून काय पाहावे ते सांगतो. जुने चिकटद्रव्य पत्र्यापर्यंत खरवडून काढत नाहीत. त्याचा एकदोन मिलिमीटरचा समतल थर मुद्दाम राखतात, कारण नवा थर त्यावर उत्तम धरतो. जेथे पत्रा उघडा पडला तेथे प्रायमर लावून तो वाळू देतात. काचेच्या कडेला उघड्या हाताने स्पर्श करत नाहीत. चिकटद्रव्याच्या नळीवर वापराची अंतिम तारीख छापलेली असते. ती वाचण्यास मागावी, प्रामाणिक कारागीर ती आनंदाने दाखवतो. काचेच्या कोपऱ्यातील छाप बसवण्यापूर्वीच वाचावा: भारतीय मानक आयएस २५५३ ची खूण, अथवा परदेशी काच असल्यास वर्तुळातील ई आणि ४३ आर ही अक्षरे, उत्पादकाचे नाव, आणि काच लॅमिनेटेड असल्याचा निर्देश. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० प्रमाणे समोरच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आत आला पाहिजे, आणि बाजारात मिळणारी काळी फिल्म काचेवर चिकटवण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली मनाई केली. म्हणून नव्या काचेसोबत कोणी फिल्म भेट देऊ लागला तर ती नाकारावी.

वेळेचा प्रश्न आम्हां दूरच्या लोकांना सर्वांत जाचक आहे, आणि माझ्या मते सर्वांत मोठा धोका तेथेच आहे. युरेथेन हवेतील बाष्प घेऊन घट्ट होते. त्याला लागणारा अवधी चिकटद्रव्याच्या जातीवर, उष्णतेवर आणि आर्द्रतेवर अवलंबून असतो. काहींना तासभर पुरतो, काहींना दिवस लागतो, आणि कोरड्या थंडीत तो वाढतो. पावसाळ्यातील दमट हवा त्याला अपायकारक नसते, परंतु ओला पत्रा किंवा ओली काच जोडच धरू देत नाही. शहरातील ग्राहक काच बसवून चार गल्ल्या पलीकडे घरी जातो. आम्ही त्याच कच्च्या जोडावर दीडशेहून अधिक किलोमीटरचा रस्ता, गतिरोधक, खड्डे आणि समोरून येणाऱ्या ट्रकांचे झोत सोसत परततो. अंधार पडण्यापूर्वी घर गाठण्याची आपली घाई दुकानदार ओळखतो आणि आपल्याला ऐकायचे तेच सांगतो. म्हणून सकाळी पहिल्या प्रहरी काम सुरू करावे आणि मुक्कामाच्या तयारीनेच जावे. पहिल्या दिवशी दार आपटू नये आणि एखादी खिडकी किंचित उघडी ठेवावी, कारण बंद गाडीत दार आपटल्याने दाबलेली हवा मऊ पट्टीला बाहेर ढकलते. घरपोच काच बसवून देणाऱ्यांना बोलावण्याचा मोह होतो; बंदिस्त, धूळविरहित, समतल जागा देता येत असेल तरच बोलवावे, अंगणात नव्हे.

कॅमेऱ्याच्या कॅलिब्रेशनविषयी पुष्कळांची समजूत अशी असते की डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा नसला म्हणजे सर्व ठीक आहे. हे खरे नव्हे. हा कॅमेरा रस्त्याच्या रेषा आणि पुढची वाहने पाहून प्रसंगी स्वतः ब्रेक लावतो. त्याची दृष्टी एकच अंश तिरपी झाली तर १०० मीटरवर सुमारे पावणेदोन मीटरचा फरक पडतो, आणि आपल्याकडे महामार्गाची एक मार्गिका साडेतीन मीटरची असते. म्हणजे अर्ध्या मार्गिकेची चूक. कॅलिब्रेशन काही गाड्यांत समतल जागी फलक उभे करून होते, काहींत स्पष्ट रेषा आखलेल्या रस्त्यावर ठरावीक वेगाने गाडी चालवून, आणि काहींत दोन्ही प्रकारे. ते पूर्ण झाल्याचा यंत्रातून निघालेला छापील अहवाल, गाडीच्या क्रमांकासह, हाती घेतल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये.

विम्यासंबंधी थोडक्यात. काच काढण्यापूर्वी सर्व्हेअरची पाहणी व्हावी. काचेच्या भागांवर घसारा कापला जात नाही. १५०० सीसीहून मोठ्या गाडीस २००० रुपयांची सक्तीची वजावट मात्र लागू होते. दावा केला की नो क्लेम बोनस, जो २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत चढत जातो, तो सामान्यतः जातो. म्हणून टवका भरून घेण्याचा खर्च स्वतः सोसावा, आणि लाखाच्या घरातील काच बदलायची असेल तेव्हाच हिशेब मांडून दावा करावा. काही विमापत्रांत केवळ काचेच्या दाव्याने बोनस न जाण्याची तरतूद असते; ते कलम आधी वाचावे.

तक्रारीची पाळी आलीच तर दुकान दूर आहे म्हणून कोणी हताश होऊ नये. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार स्वतः जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगापुढे तक्रार दाखल करता येते. नागपूरच्या कामाची दाद बालाघाटला मागता येते. कलम ६९ अन्वये मुदत २ वर्षांची आहे. तेथे उपयोगी पडतात ते अंदाजपत्रक, बिल, अहवाल आणि छायाचित्रे. तोंडी आश्वासनाला तेथे काडीचे मोल नाही.

शेवटी दोन लहान गोष्टी, ज्या बहुतेक दुकानदार सांगत नाहीत. जुन्या काचेवरील फास्टॅग काढताना नष्ट होतो, तेव्हा त्याच वाहन क्रमांकावर बँकेकडून नवा घ्यावा लागतो. तसेच एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांच्या काचेवर आतून लावलेला नोंदणीचा रंगीत स्टिकर, डिझेलसाठी नारिंगी आणि पेट्रोल वा सीएनजीसाठी फिकट निळा, हाही काचेबरोबर जातो आणि पुन्हा मागवावा लागतो. तेव्हा जुनी काच दुकानातून हलवली जाण्यापूर्वी तिच्यावरील टॅग, स्टिकर आणि कोपऱ्यातील छाप या तिन्हींची स्पष्ट छायाचित्रे काढून बिलासोबत जपून ठेवावीत.