बेस गिटार, अॅम्प आणि सुपारी : जालन्यात खर्च किती, फसगत कुठे?

जालन्यात राहून ऑर्केस्ट्रात किंवा भीमगीतांच्या पार्टीत बेस वाजवणार असाल, तर मोठा अॅम्प लगेच घेऊ नका. अंबड, परतूर, मंठा, भोकरदन, कुठेही कार्यक्रम असला तरी साउंडवाल्याची मशीन आणि बॉक्स तिथे असतातच. तुमचा आवाज शेवटी त्याच्याच मिक्सरमधून लोकांपर्यंत जातो. म्हणून आधी चांगलं वाद्य घ्या, मग वायर, मग डीआय बॉक्स (बेसचा सिग्नल मिक्सरला जोडणारी डबी). अॅम्प सगळ्यात शेवटी. पुढचे आकडे ढोबळ आहेत. खरेदीच्या दिवशी दोन ठिकाणी भाव विचारूनच पैसे काढा.

नवी चार तारांची, नावाजलेल्या कंपनीची सुरुवातीची बेस गिटार (यामाहा, आयबानेझ, कॉर्ट) साधारण १५ ते २५ हजारांत बसते. पाच तारांची घेतली तर तीन-चार हजार जास्त. तारांचा संच दीड ते अडीच हजार, चांगली वायर ५०० ते १,५००, पॅसिव्ह डीआय बॉक्स दीड ते तीन हजार, जाड पॅडिंगची पिशवी हजार-दीड हजार. म्हणजे दुकानाच्या पाटीवर १८ हजार दिसले तर खिशात २४ हजार हवेत. घरच्या रियाजाला २० ते ३० वॅटचा छोटा बेस अॅम्प पुरतो, तो सात ते बारा हजारांत येतो. ऑक्टोपॅड आणि ढोलकीसमोर स्वतःच्या अॅम्पवर वाजवायचं तर १०० वॅटच्या खाली जाऊ नका. तिथे खर्च २५ हजारांच्या पुढे सुरू होतो.

साध्या गिटारचा अॅम्प बेसला वापरू नका. बेसची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की ४१ हर्ट्झचा स्वर निघतो, पाच तारांच्या बेसवर तो ३१ हर्ट्झपर्यंत उतरतो. एवढ्या खालच्या स्वराला लहान स्पीकरचा कोन प्रमाणाबाहेर पुढे-मागे हलतो आणि कॉइल जळू शकते. ‘चालतंय की’ म्हणून अॅम्प विकणारा दुकानदार नंतर ती कॉइल बदलून देत नाही. बहुतेक वॉरंटी कार्डांत जळालेली कॉइल आणि व्होल्टेजने झालेलं नुकसान वगळलेलं असतं. कार्ड पैसे देण्याआधी वाचा.

खरेदी कुठे? साधी वायर, जॅक, ९ व्होल्टची बॅटरी जालन्यात मिळते. वाद्य हातात घेऊन निवडायचं तर आधी छत्रपती संभाजीनगर गाठा, साठ-बासष्ट किलोमीटर, एसटीने जाऊन संध्याकाळी परत. पर्याय भरपूर हवे असतील तर मुंबई : धोबीतलावला १८६५ पासून चालू असलेलं फुर्टाडोज हे वाद्यांचं दुकान सीएसएमटीवरून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. देवगिरी एक्स्प्रेसने रात्री निघालात तर मुक्कामाचा खर्च वाचतो. पण जाण्यायेण्याचं भाडं, जेवण आणि बुडालेला दिवस किमतीत धरा. पाच हजारांच्या वस्तूसाठी मुंबई परवडत नाही.

बिलावर तीन गोष्टी बघा. पाकिटावर छापलेल्या एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. ‘एमआरपी अधिक जीएसटी’ मागणं बेकायदा आहे. दुकानदार कंपोझिशन योजनेत असेल तर त्याला जीएसटी वेगळा लावताच येत नाही. आणि बिलावर वाद्याचा सीरियल नंबर लिहून घ्या. चोरी, वॉरंटी, पोलीस, तिन्हीकडे तोच विचारतात. कच्ची चिठ्ठी घेऊन हजार रुपये वाचवण्याचा मोह होतो. तो आवरा, का ते पुढे कळेल.

ऑनलाइन मागवणार असाल तर पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा. ‘नो कॉस्ट’ हप्त्यात प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा १८ टक्के जीएसटी बहुतेकदा तुमच्याच माथी येतो. जुना अॅम्प पुण्या-मुंबईहून कुरिअरने मागवताना भाडं वजनावर ठरेल असं समजू नका. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागतात, आणि ते उत्तर खऱ्या वजनापेक्षा जास्त आलं तर तेच वजन धरतात. ५० बाय ४५ बाय ४० चा खोका बारा किलोचा असला तरी बिल अठरा किलोचं येतं. ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पार्सल स्वस्त पडतं, पण पावतीवर वस्तूची किंमत लिहिली नाही तर मोडतोडीची भरपाई मागताना हातात काही उरत नाही.

जुनी बेस घेताना मान एका डोळ्याने सरळ रेषेत बघा, प्रत्येक फ्रेटवर प्रत्येक तार वाजवा, जॅक हलवून खरखर येते का ऐका, मागचं बॅटरीचं झाकण उघडून गंज बघा. अॅक्टिव्ह बेसमध्ये वायर लावलेली असेपर्यंत बॅटरी खर्च होत राहते. वाजवून झालं की वायर काढा, नाहीतर महिन्याला एक बॅटरी फुकट जाते. तारा आणि मानेचं सेटिंग करून घ्यायला ५०० ते १,५०० रुपये लागतात. जुन्या वाद्याच्या किमतीतून ते आधीच वजा करून बोली लावा.

आता दुरुस्ती. सगळ्यात जास्त पैसे इथेच गळतात. डीजे आणि मंडपवाल्यांच्या मशीन दुरुस्त करणारा कारागीर तालुक्याच्या गावीही सापडतो, आणि साध्या ट्रान्झिस्टरच्या बेस अॅम्पचं काम त्याला जमतं. वजनाने हलका, क्लास-डी प्रकारचा अॅम्प मात्र त्याच्यापुढे ठेवू नका. त्यात सुटा भाग बदलण्याऐवजी बहुतेकदा अख्खा बोर्डच बदलावा लागतो. असा अॅम्प कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच पाठवा आणि बोर्डाची किंमत आधी विचारा. नव्या अॅम्पच्या निम्म्यावर गेली तर दुरुस्ती सोडून द्या.

नेहमीच्या कामांचे दर असे धरा : इनपुट जॅक किंवा त्याचं सुटलेलं सोल्डर १५० ते ३००. खरखरणारा व्हॉल्यूम बदलणं १५० ते ४००. आउटपुटचे ट्रान्झिस्टर आणि सोबतचे सुटे भाग ६०० ते १,५००. पॉवर सप्लायचे मोठे कपॅसिटर ४०० ते १,०००. ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळणं ८०० ते २,०००. बारा इंची स्पीकरचा कोन-कॉइल ६०० ते १,५००, पंधरा इंचीचा हजारापासून अडीच हजार. साधं काम एका दिवसात होतं. सुटा भाग पुण्याच्या तपकीर गल्लीतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून यायचा असेल तर आठवडा धरा.

फसगतीच्या जागा ठरलेल्या आहेत. ५२०० आणि १९४३ या जोडीच्या ट्रान्झिस्टरचा नकली माल बाजारात भरपूर आहे. तो घरी चालतो आणि कार्यक्रमात आवाज वाढवला की उडतो. ट्रान्सफॉर्मर तांब्याच्या तारेने गुंडाळणार की अॅल्युमिनियमच्या, हे काम देण्याआधी विचारा आणि चिठ्ठीवर लिहून घ्या. फ्यूजच्या जागी वायरचा तुकडा घालून ‘आता कधीच उडणार नाही’ असं कोणी सांगितलं तर मशीन उचला आणि निघा. फ्यूज उडाला की वीस रुपयांत भागतं. तारेचा तुकडा घातला की फ्यूजऐवजी ट्रान्सफॉर्मर जळतो.

अॅम्प देताना चिठ्ठीवर मॉडेल, सीरियल नंबर, तक्रार, तपासणीचे पैसे, अंदाजे खर्च आणि तारीख हवी. तपासणीचे १०० ते ३०० रुपये दुरुस्ती केली तर बिलातून वजा होतात का, ते तेव्हाच ठरवा. अंदाजापेक्षा खर्च वाढला तर फोन केल्याशिवाय काम करायचं नाही, हेही लिहून घ्या. काढलेले जुने भाग परत मागा. महिनाभराची हमी मागा, चांगला कारागीर देतो. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा चालू करताना तो बल्बच्या सिरीजमधून लावतो का बघा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भगभगीत पेटत राहिला तर आत शॉर्ट अजून आहे.

आणि दुरुस्त झालेला अॅम्प घ्यायला जाल तेव्हा स्वतःची बेस घेऊन जा. कारागीर बहुतेक वेळा मोबाइलवरचं गाणं ऑक्समधून लावून ‘झालं बघा’ म्हणतो. तुमचा सिग्नल इनपुट जॅकमधून जातो, ऑक्समधून नाही, त्यामुळे खरा बिघाड तसाच राहू शकतो. जाड तार वाजवत, अर्ध्या व्हॉल्यूमवर पंधरा मिनिटं अॅम्प चालू ठेवा. तेवढ्यात कळतं.

दुरुस्ती आषाढात करून घ्या. लग्नसराईत आणि १४ एप्रिलच्या आधी कारागिराच्या टेबलावर डीजेच्या मशीनचा ढीग असतो. तुमचा छोटा अॅम्प मागे पडतो आणि ‘अर्जंट’चे पैसे वर लागतात. भीमजयंतीपासून बुद्धपौर्णिमेपर्यंतचा हंगाम, पुढे गणपती, नवरात्र आणि १४ जानेवारीचा नामविस्तार दिन, या तारखांच्या दोन आठवडे आधी सगळं तपासून झालेलं हवं.

गावातल्या वीजजोडणीबद्दल कठोर राहा. आकड्यावरची वीज किंवा न्यूट्रल सैल असलेला बोर्ड तुमचा अॅम्प एका क्षणात जाळतो. न्यूट्रल तुटला तर दोन फेजमधला ४०० व्होल्ट तुमच्या मशीनवर येऊ शकतो. आकडा ही वीजचोरीच आहे. आयोजकाने महावितरणकडून तात्पुरती जोडणी घेतली आहे का किंवा जनरेटर आणला आहे का, सुपारी घेतानाच विचारा. तीन-चारशे रुपयांचा मल्टिमीटर पिशवीत ठेवा. प्लग लावण्याआधी सॉकेटवर २०७ ते २५३ च्या दरम्यान व्होल्ट दिसले पाहिजेत. मग मीटरचं एक टोक माइकच्या जाळीला आणि दुसरं बेसच्या तारांना लावा. तिथे दहा-वीस व्होल्ट जरी दिसले तरी वायरमनला बोलवा, तोपर्यंत माइकला ओठ लावू नका. गुणगुण थांबवायला प्लगची अर्थिंगची पिन तोडण्याचा सल्ला तुम्हाला स्टेजवर हमखास मिळेल. त्यात जीव जाऊ शकतो. डीआय बॉक्सवर ग्राउंड लिफ्टचा खटका असतो, तो दाबा.

दोन स्पीकर जोडतानाही हिशेब करा. आठ ओहमचे दोन बॉक्स समांतर जोडले की चार ओहम होतात. अॅम्पच्या मागे ‘किमान ४ ओहम’ लिहिलं असेल तर तिसरा बॉक्स जोडायचा नाही, साउंडवाला कितीही म्हणाला तरी.

सुपारीचा हिशेब सोपा ठेवा. समजा मानधन १,५०० ठरलं आणि कार्यक्रम घनसावंगीच्या पुढच्या गावात आहे. गाडीचा वाटा ३००, जेवण १००, तारा-बॅटरीची झीज १००, आणि रात्री उशिरा परतीला एसटी नसल्याने मुक्काम किंवा वेगळी गाडी. हातात हजारही उरत नाही. म्हणून मानधन सांगताना ‘जेवण, गाडी, मुक्काम पार्टीकडे’ हे व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा आणि निदान तिसरा हिस्सा इसार म्हणून आधी घ्या. पाऊस आला, वीज गेली, तरी इसार परत नाही, हेही त्याच संदेशात लिहा.

लाउडस्पीकरचा पोलीस परवाना आयोजकाने काढायचा असतो. त्याची प्रत आधी मागा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. सरकारने सवलत दिलेल्या मोजक्या दिवशी १२ पर्यंत. गुन्हा दाखल होऊन साहित्य जप्त झालं तर ते न्यायालयाच्या आदेशाने सुपुर्दनाम्यावरच सुटतं. तिथे मालकीचा पुरावा म्हणून पक्कं बिल लागतं. कच्च्या चिठ्ठीचे वाचवलेले हजार रुपये इथे महागात पडतात. गाण्यांच्या हक्कांचं म्हणाल तर लग्नसोहळ्याला कॉपीराइट कायद्यातच सूट आहे. तिकिटाच्या किंवा कंपनीच्या कार्यक्रमाला आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेचा परवाना आयोजकाने घ्यायचा, तुमच्या मानधनातून नाही.

कंपनीच्या कार्यक्रमात टीडीएस कापला तर पॅन नंबर द्या आणि वर्षअखेरीला विवरणपत्र भरून परतावा मागा. कर्ज हवं असेल तर मुद्रा योजनेच्या शिशू गटात ५० हजारांपर्यंत तारणाशिवाय मिळतं. बँक आधार, पॅन, वस्तूचं कोटेशन आणि बहुधा उद्यम नोंदणी मागते. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर पूर्ण मोफत आहे, एजंटला ५०० रुपये देऊ नका. ‘पीएम विश्वकर्मातून वाद्य मिळवून देतो’ म्हणणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवा. त्या योजनेतल्या १८ व्यवसायांत वादक नाही.

दुकानदार किंवा कारागीर ऐकत नसेल तर आधी लेखी तक्रार द्या, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. तिथे सुटलं नाही तर जालना जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे वस्तू मुंबईत घेतली असली तरी तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावर तक्रार घरबसल्या दाखल होते. मुदत दोन वर्षं. समोरचा म्हणेल की तुम्ही पैसे कमवायला वाद्य घेतलं, म्हणून तुम्ही ग्राहक नाही. घाबरू नका : स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्याने ‘व्यावसायिक कारणात’ धरली जात नाही. हे वाक्य तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा आणि सोबत बिल, दुरुस्तीची चिठ्ठी, संदेशांचे स्क्रीनशॉट आणि बिघाडाचा व्हिडिओ जोडा.